बाबांच्या झोपेचे कागद

९ फेब्रुवारी २००७, शुक्रवार

उजेडाचा आकडा तिप्पट केला की सगळं जुळतं. केला नाही. तीनदा हात गेला, तीनदा पुसलं!

मेंदूत, डोळ्यांच्या नसांच्या वरच, वीसेक हजार पेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक घड्याळ — कुणी पुढे धावणारं, कुणी रेंगाळणारं. माझ्या समीकरणात प्रत्येक जण दुसऱ्याला किंचित ओढतो, उजेड सगळ्यांना ओढतो, आणि सगळे एका ठेक्यात येतात. झोप-जाग ठरवणारा हा ठेका उलटा करायला मात्र दहा-बारा दिवस लागतात. बाबा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात वायरमन. एक आठवडा दिवसपाळी, एक रात्रपाळी; दर शुक्रवारच्या सुट्टीनंतर बदल. म्हणजे गणिताप्रमाणे रात्रपाळीत त्यांना दिवसा धड झोप लागूच नये.

आईने चार आठवडे तासातासाला खुणा केलेले कागद मात्र म्हणतात: रात्रपाळीतही सकाळी नऊ ते चार, गाढ! पहिल्या दिवसापासून. एकही चौकोन रिकामा नाही.

वीस तारखेला कॉलेजात, विभागात हे सगळं मांडायचंय. त्यावरच माझे मार्गदर्शक सर बंगळूरला पीएचडीसाठी शिफारस पाठवणार. घरात चौथीच्या पुढे गेलेली मी पहिली. आणि आत्ताच आकडे वाकवू?

१० फेब्रुवारी

आकडा आहे तिथेच. डोकं दुखतंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी लाइट गेली, तीनला आली. भिंतीपलीकडे शेजारच्यांचे बारा लूम एकदम सुरू झाले — खट्! एकच आवाज. पाच मिनिटांत जो तो आपापल्या चालीने. एकमेकांना ओढणारं काही नाही ना त्यांच्यात.

बाबा आत झोपलेले. एवढ्या आवाजात? पहिल्यांदाच वाटलं — चूक गणितात नसेल तर?

१४ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेजला गेले नाही. दुपारी बाबांच्या उशाशी बसले. डोळे मिटलेले, श्वास संथ. आणि पायाचा अंगठा लूमच्या तालावर हलतोय!

"बाबा, जागे आहात?"

"न्हाय." डोळे न उघडताच!

मग हसतच उठून बसले. "काय करू, बाय? तुझी आई दर तासाला कागद घेऊन यायची. झोप दिसली न्हाय तर तुझे मार्क जातील ना!"

आई दारातून म्हणाली, "घ्या! वायरमन नापास. मला काय ठाऊक? डोळे मिटलेले दिसले, खूण केली."

त्यांना वाटलं, परीक्षा त्यांची आहे आणि झोप हे बरोबर उत्तर. कागद देताना 'नीट झोपा हं' असं मीच म्हटलं होतं. चूक माझीच.

गणित बरोबर निघालं म्हणून आनंद होईना. गणित बरोबर म्हणजे बाबा झोपलेलेच नाहीत. किती वर्षं? विचारवलं नाही.

१५ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. शिफारस हातची गेली असंच धरून चालले होते.

सर म्हणाले, "अगं, मग मॉडेल बरोबर आहे की!"

"पण सर, पुरावा नाही."

"रात्रपाळीचे कागद बाद कर. दिवसपाळीचे दोन आठवडे तरी खरे आहेत ना? त्यावर मांड. आणि ही चूकही मांड, लपवू नकोस."

परत येताना रिक्षात भूक लागली. चार दिवसांनी!

१७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसपाळीच्या आठवड्यांचे कागद उतरवून घेत होते. रात्री एक — खूण. दोन — रिकामं. तीन — खूण.

"आई, दोनला रिकामं कसं?"

"पाणी प्यायला उठले व्हते ते."

म्हणजे सकाळी आठवून भरलेलं नाही! मी माळ्यावर झोपलेली असायचे. "महिनाभर माझ्यामुळे जागलीस?"

"तुझ्यामुळं कशाला? ह्यांची पाळी लागली तवापासून मला झोप न्हाय. तेरा वर्सं झाली. या महिन्यात हाताला काम तरी मिळालं."

सगळ्या कागदांवर वर नाव बाबांचं. मीच घातलेलं.