नवरात्रातली गोळी

१२ सप्टें., शुक्र.
धारहून परत. शैलेशच्या गोळ्या मिळाल्या. औषध इथे देवासलाही मिळतं, पण आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हट्ट: इथे सगळे ओळखतात. धार माझं माहेर. तिथे मला ओळखतात, ते चालतं म्हणे.
बाइकवरून पडल्यावर शै.ला कंबरेसाठी दिलेल्या कॅप्सूल, अफूच्याच जातीच्या. कंबर बरी झाली, कॅप्सूल सुटेनात. आता त्या सोडवायला ही रोजची गोळी. डॉक्टर आजार म्हणतात, आई नाद म्हणतात.

१७, बुध.
शै. रोज फॅक्टरीत जातोय. काल माझ्या पोळ्यांना नावं ठेवली. चिडले, आणि बरंही वाटलं.
शेजारच्या शर्मा भाभींना आई सांगत होत्या, "कमर का इलाज चल रहा है।" शै. आत मोजे घालत होता. फार वेळ घालत होता.

२१, रवि.
उद्या घट. बाबा गेल्यापासून घटी बसायचं ते शै.नं. मागच्या वर्षी आईंनी बसू दिलं नाही, चुलतभावाला बोलावलं. यंदा अट घातली: "नऊ दिवस त्या गोळ्या बंद. एक नशा सोडून दुसरी घ्यायची आणि देवीपुढे बसायचं, हे मला चालणार नाही."
मी म्हटलं, तुमच्या बीपीच्या गोळीसारखीच आहे ही.
"माझ्या गोळीला लोक नावं ठेवत नाहीत."

शै. म्हणाला, "नौ दिन तर आहेत. निघून जातील." डॉक्टरांना विचारू म्हटलं, तर फोन लपवून ठेवला माझा. आईंनी हो म्हटलंय ना, त्यापुढे त्याला काही सुचत नाही.

२२, सोम.
घट बसले. सोवळ्यात शै. छान दिसला. आईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. किती महिन्यांनी.

२४, बुध.
जांभयांवर जांभया. नाक गळतंय, अंगावर काटा, पाय स्वस्थ नाहीत. आई म्हणतात उपास बाधला. आलं-लिंबू दिलं. आरतीत चौरंग धरून कसाबसा उभा होता. नंतर चपला घालून निघाला, "दोस्ताकडे जाऊन येतो." कुठला दोस्त ते मला ठाऊक आहे, कॅप्सूल आणून देणारा. दारात आडवी उभी राहिले. तो रडायला लागला.
त्याच्याकडून माझा फोन परत घेतला, धारच्या डॉक्टरांना लावला. इतके चिडलेले कधी ऐकले नव्हते. गोळी अशी एकदम बंद करायची नसते. आता शरीराची सवय कमी झालीय, जुन्या हिशेबानं कॅप्सूल घेतल्या तर श्वास थांबू शकतो. "धारला येत बसू नका. देवासच्याच दवाखान्यात न्या, उद्या सकाळीच."
मी घाबरलेय. आईंना सगळं सांगितलं. त्या देवघरात जाऊन बसल्या.

२५, गुरु.
दवाखान्यात रांग. ओळखीचे निघालेच, शेजारच्या भाभींचे मिस्टर, शर्मा भिया. "अरे शैलेश, कमर?"
शै. म्हणाला, "नहीं भिया. दर्द की दवाई की लत लग गई थी. उसी का इलाज है."
  शर्मा भिया म्हणाले, "अच्छा किया जो आए." सरकून त्याला बाकावर जागा दिली. मनात काय आलं असेल, देव जाणे.
गोळी सुरू. दुपारपर्यंत शै. माणसात आला. घरी आलो तर घटाच्या दिव्यात तेल आई घालत होत्या. शर्मा भियांचं सांगितलं. "आता गावभर होईल," एवढंच म्हणाल्या.

२६, शुक्र.
सकाळी शै.नं अंघोळ केली, सोवळं नेसला, आईंच्या देखत गोळी जिभेखाली ठेवली आणि पाटावर बसला. विरघळेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून तोंड मिटून.
आई निरांजन घेऊन उभ्या. मला वाटलं, ऊठ म्हणतील. म्हणाल्या नाहीत. आरतीही सुरू केली नाही. वात जळत होती, आम्ही तिघं तशीच.