सायलीच्या गजऱ्याचा मोगरा

रविवार, दिवेलागणीला

माझ्या नातीचा, सायलीचा, साखरपुडा तोंडावर आलाय. मुलगा कसा छान, हसतो पण गोड. मी आनंदात आहेच, पण जीव अडकलाय त्या मोगऱ्यात. गजरा माझ्या मोगऱ्याचाच, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलेले.

धाकट्या बहिणीला, कुसुमला, आमंत्रण द्यायला आम्ही सगळे खडवलीला गेलो, दोन रात्री राहिलो. आज ठाकुर्लीला घरी आलो तर गॅलरीतला मोगरा सुकून गेलेला. एकाच झाडाच्या फांद्या, एक तिने लावली, एक मी. मी तिच्याच भातशेतीतला युरिया आणून सारखा घालत राहिले. पानं काय हिरवीगार! तिचा आपला बारीक, पाणी मिळो न मिळो, उभा. "किडकिडा गं तुझा," म्हणून हसले होते मी. कशाला हसले?

सायलीने झाड उपटून बघितलं. ती झाडांचंच शिकलीय. वर एवढा पाला, खाली मुळं मूठभर.

"अगं आजी, युरियातला इतका नत्र वरच्या मातीतच मिळाला तर मुळं खोल कशाला जातील? मग ऊन तापलं की झाड तग धरत नाही."

मूठभर मुळं! आणि मी रोज पानांवरून हात फिरवत बसायचे.

कुसुमला फोन लावला, मोगऱ्याचं सांगायला. तीच म्हणाली, "ताई, आमच्या किडकिड्याला कळ्या आल्यात गं. आणू का गजऱ्याला?"

"आण," म्हटलं, "आणि एक फांदी पण आण."

मुळं अजून कठड्यावरच आहेत. टाकवत नाहीत.