मंगळवारचा तीनचा खेळ

येरवडा, पुणे
मंगळवार, १७ जून २०२५

शकीला,

तुला माझा जय भीम. तुझा सलाम पोचला असं मी धरून चालते. माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडून. तुझी कशी आहे ते विचारत नाही. कशी असणार ते ठाऊक आहे.

अय्युबभाईंच्या तिसऱ्या दिवशी तू माझं मनगट धरून म्हणालीस, "प्रेमला, मंगळवार सोडू नकोस. मी चार महिने दहा दिवस इद्दतीत बसणार, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तू जा, आणि मला लिहून कळव. फोन मी हातात घेणार नाही." भोवतीच्या बायकांना वाटलं, नवरा गेला आणि हिचं डोकंही गेलं. मला तसं वाटलं नाही. मार्केट यार्डात कांदे निवडायला जायचो तेव्हापासून मंगळवारी दांडी मारून लष्कर भागातल्या टॉकीजला तीनचा खेळ गाठणाऱ्या आपण. तुझं डोकं कसं चालतं ते मला कळतं. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. चौथीनंतर एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, चुका काढू नकोस.

तर पिक्चर. हीरो दाढीवाला, साउथचा, आपल्यासाठी हिंदीत बोलायला लावलेला. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच सांगतो. त्याने चाळीस माणसं लोळवली. मी मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यातला एक मिशीवाला मेल्यावर पुन्हा उठून मार खायला आला. हीरोची आई खाटेवर पडून दोन तास खोकते, पण केसाची बट हलत नाही. मला खोकला झाला होता तेव्हा मी कशी दिसत होते ते तू पाहिलंयस. हीरोईनला काम एकच, वाऱ्यावर ओढणी सोडायची.

बेकार. पण पंखे चालू होते, म्हणून शेवटपर्यंत बसले.

तुझ्या खुर्चीवर एक बाई येऊन बसली आणि चकल्या खायला लागली. कडाकड, कडाकड. मी म्हटलं, "बाई, पिक्चरमधल्या गोळ्या तरी ऐकू येऊ देत." तर मलाच चकली पुढे केली. घेतली. तेल जुनं होतं.

माझी नात आम्रपाली म्हणते, आजी, टॉकीजला कशाला जातेस, मोबाईलवर सगळे पिक्चर येतात. मी म्हटलं, मोबाईलमधला माणूस बोटाएवढा दिसतो, तो मेला काय नि जगला काय.

आपण दोघींनी शेवटचा पाहिला त्या पिक्चरबद्दल मात्र काही विचारू नकोस. मला आठवत नाही.

भेटायला यायचं मनात आहे. पण कोंढव्याला यायचं म्हणजे दोन बस, आणि त्यात हा गुडघा. समजून घे. अरबाजला आणि सुनेला आशीर्वाद.

तुझी,
प्रेमला



येरवडा
मंगळवार, १५ जुलै २०२५

शकीला,

मी ठीक. गुडघा तसाच. तू जेवतेस असं समजते.

मागच्या मंगळवारी भुताचा पिक्चर लागला होता. केस मोकळे सोडलेली, पांढरी साडी नेसलेली बाई विहिरीतून वर येते. मला एक सांग, भूत दरवेळी बाईच का? पुरुष मेला की सुटला, सरळ वर. बाई मेली तरी तिला सुट्टी नाही, घराभोवती फिरत बसायचं. आणि या भुताने तर मध्येच स्वयंपाकघरात जाऊन डबे पाडले. मी मोठ्याने म्हटलं, "आता आवरणार कोण?" पुढची पोरं वळून हसायला लागली. त्यांना भुतापेक्षा मी बरी वाटले असणार.

आज मराठी पाहिला. म्हातारा-म्हातारी, मोठा फ्लॅट, मुलगा अमेरिकेत. आपल्या मराठी पिक्चरांत सगळ्यांची मुलं अमेरिकेत कशी असतात कोण जाणे, माझं पोरगं हडपसरच्या पुढे गेलं नाही. म्हातारी चांगलं काम करते, डाळ निवडताना खरंच डाळ निवडते. म्हाताऱ्याला हृदयाचं दुखणं. तो मरताना म्हातारीचा हात धरून इतकं बोलतो, इतकं बोलतो की पुस्तकाची चार पानं भरतील. आसपासच्या बायका पदराने नाकं पुसत होत्या. मी मनात म्हटलं, एवढा दम असेल तर उठून दवाखान्यात चालत जा की.

तेवढ्यात पुढच्या रांगेत कोणाचा तरी मोबाईल वाजला. त्याने कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

मी उठून बाहेर आले. जन्मात पहिल्यांदा पिक्चर अर्धा टाकला. दारावरच्या माणसाने विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "तुमचा पिक्चर बरा नाही." शेवट काय झाला ते मग तुला सांगता येत नाही. म्हातारा मेला असेलच.

गुडघा अवघडला होता म्हणून उठले. दुसरं काही नाही.

तुझी,
प्रेमला



येरवडा
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

शकीला,

माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आज मी टॉकीजला गेले नाही. मागच्या मंगळवारी गेले होते. इंटरव्हलला पाणी प्यायला बाहेर आले तर तुझी नात मिसबा मैत्रिणींबरोबर उभी. कॉलेजला गणपतीची सुट्टी. मला बघून तिचा चेहरा पडला.

"नानी, घरी सांगू नका हं. दादाजींना अजून चार महिने झाले नाहीत आणि मी पिक्चरला आले."

"मी कोण सांगणारी? मी तर दर आठवड्याला येते."

मग हसली. म्हणाली, "तुमची पत्रं दादी वाचते. भुताचं तर मला मोठ्याने वाचायला लावलं. दादाजी गेल्यापासून पहिल्यांदा हसली."

मी विचारलं, घरी सगळं ठीक ना? तर पोरगी खाली बघायला लागली.

"अब्बा दादीशी बोलत नाहीत. ताट समोर आलं की जेवतात आणि उठतात."

"का?"

"दादाजींनी त्या दिवशी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा कापला. मोबाईलमध्ये दिसतं ना सगळं. अब्बांनी दादीला विचारलं, तर ती म्हणाली, हो, मीच कापला, पिक्चर रंगात आला होता."

घंटा झाली, पोरी आत गेल्या. मी गेले नाही. पायरीवर बसले.

शकीला, आता त्या दिवशीचं लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. कारण मी ते अजून एकदाही म्हटलेलं नाही.

सकाळी तू फोनवर म्हणालीस, "आज राहू दे. यांना छातीत जड वाटतंय." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला मंगळवारीच बरं दुखतं." तू हसलीस आणि आलीस. तू आली नसतीस. मी बोलले म्हणून आलीस.

तुझ्या पर्सची चेन तुटलेली, म्हणून तुझा मोबाईल माझ्या पिशवीत. इंटरव्हलनंतर तो थरथरायला लागला. पाहिलं तर अय्युबभाई. ते नेहमीच फोन करायचे, आपण पिक्चरला बसलो की त्यांना घरातली एक वस्तू सापडायची नाही. एकदा बिस्किटाचा डबा, एकदा नेलकटर. तू पडद्याकडे बघत होतीस. मी लाल बटण दाबलं. तुला विचारलंसुद्धा नाही. लगेच पुन्हा आला. पुन्हा दाबलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, "जरा दम धरा, भाई."

हे शब्द तू ऐकले नाहीस. तेवढं एक तुला ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर तू मोबाईल घेतलास, उलटा फोन लावलास. उचलला नाही. मी म्हटलं, "बिस्किटाचा डबा सापडला असेल." आणि आपण दोघींनी उसाचा रस प्यायला. रसवाल्याने बर्फ जास्त टाकला म्हणून मी त्याच्याशी भांडले. तिकडे अय्युबभाई एकटे पडलेले, अरबाज दुकानात, सून माहेरी, आणि मी बर्फावरून भांडत होते.

पिक्चरही धड नव्हता ग. मला चांगला आठवतो. फोन आला तेव्हा ते दोघं डोंगरात नाचत होते, तिच्या अंगावर पातळ साडी आणि त्याच्या अंगावर स्वेटर. तेवढ्यासाठी मी फोन कापला. दोन मिनिटं बाहेर गेलो असतो तर काहीसुद्धा चुकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी तू माझं मनगट धरलंस तेव्हा मला वाटलं, आता बोलणार. तू पिक्चरचं बोललीस. मी सुटले असं वाटलं आणि घरी येऊन पोटभर जेवले. तू मात्र जवळजवळ चार महिने घरात बसून, पोटच्या पोराचं तोंड फिरवणं सोसून, माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी तुला भुताच्या गमती लिहीत बसले.

सहा दिवस मी घरात बसून काढले. आम्रपालीने विचारलं, आजी, कोणाशी भांडलीस का? म्हटलं, अजून नाही.

काल अरबाजच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तो काच घासत होता.

"या खाला, बसा. अम्मीकडे निघालात का?"

"बसत नाही. तुझ्या अब्बांचा फोन तुझ्या अम्मीने कापला नाही. मी कापला. मोबाईल माझ्याजवळ होता."

त्याने मशीन बंद केलं. "अम्मी म्हणाली तिने कापला."

"तुझ्या अम्मीला फोन उचलायला दोन्ही हात लागतात. ती अंधारात कापेल?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, चष्म्याची दांडी सैल झालेली. अरबाजने दांडी आवळली, काच पुसली, त्याच्या नाकावर नीट बसवून दिली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला,

"डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर."

"ठाऊक आहे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, खाला?"

"घाबरले."

तुझ्या पोरासमोर मी हे म्हटलं. आमचे हे गेले, घर पडलं, पोराची नोकरी गेली, तेव्हाही मी हा शब्द कोणापुढे काढला नव्हता. अरबाज शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही आता जा." गेले.

तो तुझ्याशी बोलला का, मला ठाऊक नाही. बोलला नसेल तर तू आपणहून त्याला जवळ बोलव. तोही स्वतःला खात असणार. दुकानात होता ना, घरी नव्हता.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील. आधी पोराशी खोटं बोलून देऊनच बसली आहेस. मला ती फुकटची नको. पुढच्या आठवड्यात तुझी इद्दत संपते. कोणत्याही दिवशी ये, माझ्या दारात उभी राहा आणि जे बोलायचं ते बोल, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मी मध्ये तोंड घालणार नाही. तेवढं मला जमेल असं वाटतं.

आली नाहीस तर मी कोंढव्याला येणार नाही आणि पत्रही पाठवणार नाही. तुझ्याकडे आता काहीही मागायला मला तोंडच नाही.

अय्युबभाईंचा फोन कापणारी,
प्रेमला