उणे अकरा सेकंद

शनिवार, ८ नोव्हेंबर

लेक पळाली! पाच किलोमीटर – एकोणीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. तिची आजवरची सर्वांत चांगली वेळ. संघात मुलींची एकच जागा उरलीय आणि जिची वेळ कमी तिला ती मिळणार. अर्ध्या मुली आज पळाल्या, अर्ध्या उद्या. उद्याच्यांत भाची आहे.

वेळ मोजणारी मीच. सुरुवातीच्या खोलीत एक छोटा संगणक, शेवटच्या रेषेपाशी दुसरा. क्लबात सगळे त्यांना डबेच म्हणतात. पहिला डबा मुलगी सुटल्याची वेळ लिहितो, दुसरा पोचल्याची. वजाबाकी केली की झालं. मात्र दोघांची घड्याळं जुळायला हवीत, म्हणून दुसरा डबा वायरीवरून पहिल्याला सारखी वेळ विचारत असतो. पंचांची हातातली घड्याळं मीच दोन वर्षांपूर्वी बंद करायला लावली. स्वतःच्या लेकीची वेळ स्वतः मोजतेस, असं कुणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं – मशीनला नाती नसतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

एकोणीस बेचाळीस. भाची. सहा सेकंदांनी पुढे.

धाकटी बहीण धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. "ताई, बघितलंस का गं!" बघितलं. मीच तर मोजलं. हसलेसुद्धा, गाल दुखेपर्यंत.

लहानपणापासून हेच. मी महिनाभर घासून पंचाहत्तर टक्के मिळवायचे, ही आदल्या दिवशी पुस्तक उघडून ऐंशी. केस तिचे लांब, नवरा तिचा हसरा, ऊन यायचं तेही तिच्याच स्वयंपाकघरात. आणि आता मुलगीही तिचीच जलद! जळतेय मी. इथे लिहायला कसली लाज?

लेक जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि उठली.

सोमवार, १० नोव्हेंबर

नेहमीची तपासणी करायला गेले तर शेवटच्या डब्याची वायर भिंतीपाशी निसटलेली! नोंद काढली. पहिल्या डब्याचं शेवटचं उत्तर शनिवारी संध्याकाळी आलेलं. म्हणजे काल दिवसभर हा आपल्याच मनाने चालत होता. आणि तिथे इंटरनेटही नाही, की दुसरीकडून वेळ मिळावी.

काही दुरुस्त न करता, दोन्ही घड्याळांच्या वेळा लॅपटॉपवर घेऊन नुसता फरक काढला. आकडा आला – उणे अकरा सेकंद.

उणे म्हणजे मागे. पोचल्याची वेळ लिहिणारं घड्याळच अकरा सेकंद मागे. म्हणजे भाचीला अकरा सेकंद फुकट मिळाले! खरी वेळ एकोणीस त्रेपन्न. माझ्या लेकीपेक्षा पाच सेकंद जास्त.

मनात उकळ्या फुटत होत्या. घरी येताना दोनदा सिग्नल चुकवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मुख्य पंचांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, नक्की ना? दोन पोरींचा प्रश्न आहे."

"नक्की."

"नाहीतर दोघींना परत एकदा पळवू. उद्या सकाळी. काय हरकत आहे?"

हरकत होती. परत पळवल्या तर भाची काय करेल हे मला ठाऊक आहे. म्हटलं, "मशीनला नाती नसतात, साहेब. आकडा समोर आहे."

त्यांनी रविवारच्या सगळ्या मुलींच्या वेळेत अकरा सेकंद मिळवले. यादी शुक्रवारी सकाळी जाणार. तोवर दोन्ही डबे आहेत तसेच ठेवायचे, वायरीला हात लावायचा नाही.

लेकीला सांगितलं तर ती आधी "आणि ती?" म्हणाली. मग नाचली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

धाकटीचा फोन नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आली. भांडायलाच आली असणार म्हणून मी कंबर कसून बसले होते. उत्तरं तयार होती. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाली, "ताई, तू मोजलंयस म्हणजे चूक नसणार. रडली पोरगी, पण मी तिला हेच सांगितलं." माझ्या लेकीसाठी पळायचे नवे मोजे आणले होते, ते टेबलावर ठेवून गेली.

भांडली असती तर काय बिघडलं असतं? मोठेपणासुद्धा माझ्या वाट्याला ठेवत नाही ही बाई!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

यादी गेली. दुपारी वायर जोडली आणि शेवटच्या डब्यासमोर बसून राहिले. पहिल्याकडून वेळ घेऊन ते घड्याळ अकरा सेकंद पुढे सरकणार, एवढंच बघायचं होतं.

मागे आलं. पुढे नाही – मागे!

मग पहिल्या डब्याची नोंद उघडली. सोमवारी उघडलीच नव्हती. हवं ते मिळालं होतं ना. रविवारी सकाळी, शर्यतीआधी, कुणीतरी तो बंद करून परत चालू केलेला. आत बॅटरी नाही, बंद असतो तेवढा वेळ त्याचं घड्याळ थांबतं. अकरा सेकंद तोच मागे पडला होता. आकडा नुसता फरकाचा होता, कोण मागे ते मीच ठरवलं होतं; ते उणे त्याचं होतं. म्हणजे अकरा सेकंद मिळवायचे नव्हते, वजा करायचे होते.

एकोणीस एकतीस. भाची एकोणीस एकतीस पळाली.

संघाची बस उद्या सकाळी सहाला सुटते. लेक शेजारच्या खोलीत बॅग भरतेय, गुणगुणतेय. पंचांना आणि धाकटीला फोन करायचाच आहे. पण आधी उठून त्या खोलीत जायला हवं.