माळ्यावरून काढलेला हुरडा

शहागंज,
संक्रांतीच्या चार दिवस अलीकडे

श्री. पुंजाराम दाजींना रामकिसनचा नमस्कार, वि. वि.

या थंडीत तुमचे गुडघे कुरकुरत नसतील अशी आशा आहे. माझे कुरकुरतात. कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो.

सगळा दोष कॅलेंडरचा. हॉलंडला शिकायला गेलेल्या नातीनं धाडलं. त्यात तिकडच्या जुन्या चित्रकारांनी रेखाटलेला हिवाळा : नदी गोठून फरशी झालेली अन् तिच्यावर अख्खं गाव उतरलेलं. कोणी घसरतंय, कोणी आपटलंय, कोणी मोळी ओढतंय, कोणी नुसतंच हात पाठीशी बांधून हिंडतंय (हा मी). देव नाही, राजा नाही, सगळी मुंगीएवढी माणसं. शाळेतल्या थंडीच्या कविता मला अजून चालीसकट येतात. त्या गुणगुणत बघत बसलो आणि वाटलं, आपल्या करमाडच्या हुरड्याचं असं चित्र माझ्याच हातून व्हायचं राहिलंय. (जन्मात एक आंबा काढला होता. मास्तरांनी वांगं म्हणून पास केला.)

ती चित्रं उंचावरून काढलेली, म्हणून तुमच्या शेतातल्या पाखरं हाकायच्या माळ्यावर चढलो. पुढचं तुम्ही पाहिलंच. वाऱ्यानं कागद फडफडला, खाली आगटीत भाजलेला हुरडा माझ्या वाटणीसकट संपला, आणि उतरताना शिडीवर माझे पाय असे कापत होते की पाखरं मला भिऊन उडाली असावीत. आमच्या सौ. आवडाबाईला चित्रातला तिचा ठिपका दाखवला तर म्हणाली, "तुमच्यापायी जन्म गेला, अन् मी एवढुशी व्हय?" तुम्ही धुराला बोट लावून "हा मी" म्हणालात, मी लगेच मान डोलावली. पण भागूबाईनं कागद उलटासुलटा पाहिला, "दादा, मी कुठंय?" आणि ती खरंच नव्हती. तुमच्या कुत्र्याला शेपूटसुद्धा होतं! तेव्हापासून माझी एकुलती बहीण फोन उचलत नाही. सणाला तिच्या तिळगुळाशिवाय आमच्या घरी कोणाचं तोंड गोड झालेलं नाही. बाकी क्षेम.

तुमचा,
रामकिसन

ता. क. काल चित्र पुन्हा पाहिलं. आगटी आहे, तुम्ही (म्हणजे धूर) आहात. मग शिडी कोण धरून होतं? मी चढल्यापासून उतरेपर्यंत भागूच उभी होती, हुरड्याचा दाणा न चाखता. नेमकी माझ्या पायांखाली. वरून तेवढीच जागा दिसत नव्हती. तिला एवढं सांगाल का? पत्र त्यासाठीच.

पुन्हा ता. क. कणसं कोवळी असतील तर रविवारी येतो, नवं चित्र काढायला. तिला आगटीपाशी बसवा, शिडी तुम्ही धरा.

शेवटचा ता. क. शिडी तुम्ही धरणार, या विचारानं आत्ताच पाय लटपटले. चित्र राहू द्या. मी खालीच बसतो, भागूच्या शेजारी. पहिली मूठ तिला द्या.