नऊचा एक

१० जुलै, गुरुवार

बँकेचं कार्ड आलं. पोस्टमन आला तवा आबा माजलगावला गेलते, म्हणून पाकीट माझ्या हातात पडलं. आबांच्या हातात पडलं असतं तर गेलं असतं त्यांच्या कपाटात, पासबुकाच्या शेजारी. धाकट्या भावाच्या विधवेला कार्ड कशाला लागतंय!

ह्यांच्या अपघाताचे पैसे, माझे शिलाईचे, समदे त्या खात्यात. खातं माझ्या नावाचं, कारभार आबांचा.

कार्ड बॉबिनच्या डब्यात ठिवलं. सारखा डबा उघडून बघतेय, येड्यावानी.

१२ जुलै, शनिवार

आशीचा नंबर लागला!! अंबाजोगाईला, नर्सिंगला. पोरगी उड्या मारत आली. ३१ तारखेच्या आत फी ऑनलाईन भरायची, न्हाईतर जागा दुसऱ्याला.

पेढा द्यायला गेले तर आबा म्हणले, "अठरा पुरी झाली ना? युसूफ वडगावचं स्थळ आलंय. चार एकर बागायत, एकुलता एक पोरगा. फी-बी काय भरायची न्हाई."

पेढा खाल्ला मात्र.

आशी रडली न्हाई. म्हणली, मम्मे, तुझ्या फोनमधी वॉलेट असतंय, त्यात कार्ड घालायचं, तिथनंच फी जाती. कुणाला कळायचं न्हाई. मी म्हणले, घाल.

१३ जुलै, रविवार

घातलं. कार्डावरचे आकडे, तारीख, मागचे तीन आकडे, समदं बरोबर. मग म्हणतंय, मोबाईलवर कोड पाठवलाय, तो टाका. नंबरचे शेवटचे आकडे बघितले. आबांचा नंबर. खातं काढताना फॉर्म त्यांनीच भरलाता, "तुझ्याकडं कुठं हाय फोन" म्हणून.

पाच मिनिटांत आबा दारात. "वैशाली, बँकेचा मेसेज आलाय गं. काय केलंस?"

"काय न्हाई आबा. फसवणारे लोक पाठवतेत तसले मेसेज."

"हां. कुणाला आकडा सांगू नको बरं."

न्हाई सांगत म्हणले. तोंड धुऊन बसले मशीनवर.

एटीएमचा पिन काढायला बी कोड त्याच नंबरवर. म्हंजे कार्ड माझ्याजवळ असून नसल्यासारखं.

१५ जुलै, मंगळवार

माजलगावच्या शाखेत गेलते. अस्तर संपलंय सांगून. नंबर बदलायचा अर्ज लिहून दिला. खिडकीतल्या माणसानं नाव वाचलं, हसला. "दिंद्रुडच्या आबांच्या भावजय का तुमी? बसा की, आबांना फोन लावतो. त्यांनी हो म्हणलं की दोन मिनिटाचं काम."

अर्ज त्याच्या हातातनं वढूनच घेतला. इतका राग आला, तशीच बसस्टँडवर आले.

अस्तर घ्यायचं राहिलंच. आता परत जायला बहाणा तरी हाय.

१८ जुलै, शुक्र.

भावाला फोन केला. तू भर, मी नंतर देते. तो म्हणला, ताई, आबाला विचारल्याबिगर मी मधी पडत न्हाई, त्यांच्याशी आमचं येणं-जाणं हाय. लहानपणी याला मी कडेवर घेऊन हिंडले. जाऊ दे.

२१ जुलै, सोमवार

आक्कांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. आबांची बायको ती, थोरली जाऊ. आमच्या दोघींच्या सैपाकघरात एकच भिंत, वर झरोका. तिकडं कढई वाजली की इकडं कळतंय काय शिजतंय.

आक्कानं समदं ऐकलं. मग म्हणली, "ते सकाळी मोरीत गेले की फोन फडताळात चार्जिंगला असतोय. मी बघते आकडे. मला येतेत आकडे, चौथीपर्यंत शाळेत गेलीय मी."

म्हणले, आक्का, कळलं तर?

"माझ्या लेकीला, मंगलला, धाव्वीतनं काढून लगीन लावलं. तवा मी गप बसले. आता न्हाई बसत."

२३ जुलै, बुधवार

सकाळी आबा मोरीत. आक्कानं भिंतीवर लाटणं आपटलं. मी बटन दाबलं. झरोक्यातनं आवाज आला, खणखणीत: "दोन. पूज्य. एक. तीन. चार. एक."

टाकलं. चुकीचा कोड.

परत मागवला. "एक. चार. काठी..."

"काठी म्हंजे?"

"काठी म्हंजे काठी, उभी!"

"मग आधीचा एक कसला?"

"एक म्हंजे एक! तू मला शिकवती का?"

हे असं चाललं आन वेळ संपली. मोरीचं दार वाजलं. स्क्रीनवर आलं, आता एकच प्रयत्न उरला, चुकलं तर कार्ड बंद.

दुपारी एकीचं ब्लाउजचं माप घेत होते. टेपवर नऊ दिसला. तशीच उभी राहिले, ती बाई म्हणली काय झालं वं? अगं बया, इंग्रजी नऊ दिसतोय मराठी एकासारखा! आठ दिसतोय चारासारखा! आक्का शाळेत मराठी आकडे शिकली तसंच तिनं वाचलं, मी टाकत गेले.

आशीला सांगितलं तर लोळून हसली. मला बी हसू आलं, लई दिवसांनी.

२४ जुलै, गुरु. अमावस्या

आकाडाचा शेवटचा दिवस. तिकडं वडे तळायचा वास येत होता. मग एकदम आबांचा आवाज.

"कावून आलेत हे दोन मेसेज? फोन कुणाच्या हातात होता?"

आक्का म्हणली, "माझ्या. गाणं लावत होते."

"तुला गाणं लावता येतंय?"

मग नुसते आवाज.

मी मशीनपाशी उभी होते. गेले न्हाई. गेले असते तर कार्ड निघालं असतं, आशीचं समदं मोडलं असतं, हे समदं मनात आलं, आन गेले न्हाई. आशी उठली तर तिचा हात धरून खाली बसवली. मशीन चालवत राहिले, जोरात, ऐकू येऊ नये म्हणून. सुईत दोरा बी नव्हता.

२६ जुलै, शनिवार

आक्का दिसली. डावं मनगट सुजलंय, हळद लावून फडकं बांधलंय. शेजारणीला सांगत होती, मोरीत पाय घसरला.

आबा येऊन उभे राहिले. "कार्ड आलंय म्हणं तुझं. पोस्टमन म्हणला."

म्हणले, आलतं, कुठं ठिवलं घावंना.

"हुडक. आन शुक्रवारी, एक तारखेला, पाहुणे पोरीला बघायला येणार हायेत. घर सारवून ठिव." फोन खिशातनं काढून दाखवला. कुलूप लावलंय आता, बोट लावल्याबिगर उघडत न्हाई.

ते गेल्यावर आक्काला म्हणले, सोडा आता. आशीचं नशीब म्हणायचं. तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

"तुझा जुना टेप हाय का, माप घ्यायचा?"

"काय मापताय?"

"दे तर."

दिला.

२९ जुलै, मंगळ. नागपंचीम

आज कात्री बंद, मशीन बंद. पोरी झोक्यावर. आशी गेली न्हाई. आबांनी तिला नवी साडी आणलीय, पाहुण्यांसमोर नेसायला. गुलाबी. पिशवीतनं काढली बी न्हाई तिनं.

आक्का पंचमीच्या गाण्यात सगळ्यांच्या पुढं असती दरवर्षी. आज आली न्हाई. हात दुखत असंल.

कुणाशी बोलावं वाटेना.

३० जुलै, बुधवार

आबा बैठकीला गेले तशी आक्का आली. पदराखालनं टेप काढला. "विचार."

मी कुठंबी बोट ठिवलं. "नऊ," म्हणली. दुसरीकडं ठिवलं. "आठ. ह्यो चार न्हाई, चार कसा खुर्चीवानी असतोय." एकोणीसवर ठिवलं. "आधी काठी, ती एक. मग नऊ." चाळीसपर्यंत एक बी चुकली न्हाई. कुणाला विचारलं म्हणले, तर म्हणती विचारायचं काय, ओळीनंच हायेत की, मोजत गेले.

फोनला कुलूप हाय आक्का, म्हणले.

"असू दे की. मेसेज आला की कुलपाच्या वरच दिसतोय. काल वीजबिलाचा आलता, समदा वाचला. आकडे."

मग मी म्हणले जे म्हणायचं होतं. मेसेज तिथंच राहणार. पुसायला कुलूप उघडाया पाहिजे. फी गेली की आबांना लगेच कळणार. आशी सुटंल. तुमी कुठं जाल?

"मी कुठं जाणार," म्हणली. टेप गुंडाळला, फडकं बांधलेल्या हातानं धड गुंडाळता येईना, मी मदत कराया गेले तर हात मागं घेतला. "आबा मोरीत गेले की लाटणं वाजवते. तू तयार रहा."

मला तिचा लई राग आला. मग माझाच आला. माझ्या पोरीची फी माझ्या पैशानं भरायची, आन मार खायचा हिनं. हो म्हणायची हिंमत न्हाई, नको म्हणायची बी न्हाई. उद्या ३१. एकच बारी उरलीय.

आशीनं बॅग भरून पलंगाखाली सरकवलीय. मला दिसली न्हाई असं तिला वाटतंय. कार्ड डब्यातनं काढून मशीनवर ठिवलंय.

दिवेलागण झाली. तिकडं आक्का भाकऱ्या थापतेय. झरोक्यातनं बारीक आवाज येतोय, भाकरीच्या थापेबरोबर. सहा. सात. आठ. नऊ. परत सहापासनं.