एकशे सतराव्या मजल्यावरून

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात कंबर धरली आहे.) तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण तुम्ही फोन उचलत नाही आणि माझी भाची म्हणते, बाबा बरे आहेत, फक्त बोलत नाहीत. चाळीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करून अख्ख्या गावाला पळायला लावलेला माणूस बोलत नाही, तर मग तो बरा कसा, हे तिला विचारायचं राहून गेलं. इकडे आम्ही तिघं जिवंत आहोत. लिफ्टमध्ये आहोत.

तुम्ही एकदाही खेळायला टेबलाशी बसला नाहीत, म्हणून पहिल्यापासून सांगतो. ताईने त्या गोष्टीच्या खेळातला मनोरा रचला त्याला सहा वर्षं झाली. दोनशे वर्षांनंतरची इमारत, तीनशे मजले, आणि बांधणारे ती बांधून साफ विसरलेले. खिडक्या नुसत्या रंगवलेल्या. हवा येते ती आधी कुणीतरी वापरलेली. ज्याला आपल्या खोलीचा नंबर आठवत नाही, त्याच्या दाराची दुसऱ्या दिवशी भिंत झालेली असते. अशा जागी दर रविवारी दुपारी आम्ही हौसेने राहायला जायचो. दातांचे डॉक्टर तिथे चोर, भूगोलाच्या बाई तिथे भाडोत्री मारेकरी (शाळेत त्या आवाजही चढवत नाहीत), आणि मी इथेही लाँड्रीवाला, तिथेही लाँड्रीवाला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. बाकी सगळं ताई: उंदीर, अंधार, मेलेले शेजारी. ती सांगायची, आम्ही फासे टाकायचो. कडक नियम एकच होता, की लिफ्टचं दार तुमचा आवाज आल्याशिवाय उघडायचं नाही. तुम्ही स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्या स्थानकातल्या आवाजात म्हणायचात, "मजला चाळीस. दार उघडत आहे." बाईंच्या हातून एकदा चहा सांडला होता.

शेवटच्या रविवारी आम्ही एकशे सतराव्यावर पोचलो, लिफ्टमधले दिवे गेले (खेळातले), ताईला खोकल्याची उबळ आली आणि ती म्हणाली, "दार पुढच्या रविवारी." पुढचा रविवार दवाखान्यात गेला. त्याच्या पुढच्या रविवारी ती नव्हती. तुम्ही घराला कुलूप लावून, तिची निळी वही घेऊन लेकीकडे निघून गेलात. याला आठ महिने झाले.

आम्ही हातपाय गाळून बसलो नाही. आता माझ्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलावर जमतो. आधी डॉक्टरांनी मनोरा चालवायला घेतला, तर तासाभरात सगळ्या राक्षसांचे दात किडले. बाईंनी घेतला, तर त्यांनी नकाशा काढून आम्हाला उत्तर दिशा विचारली. मी घेतला तेव्हा प्रत्येक मजल्यावर कपडेच वाळत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, वातावरण कमी पडतंय, आपण खऱ्या लिफ्टमध्ये बसून खेळू. त्यांच्या दवाखान्याच्या इमारतीत मागच्या बाजूला एक जुनी लिफ्ट आहे, तिच्यात आम्ही तीन स्टुलं, फासे आणि थर्मास घेऊन शिरलो. दहाव्या मिनिटाला वीज गेली. पाऊण तास डॉक्टर घाम पुसत होते आणि मी ज्यांना म्हणून हात जोडता येतात त्या सगळ्यांना हात जोडत होतो. मग वॉचमनने बाहेरून दार ओढून उघडलं आणि म्हणाला, "या बाहेर." डॉक्टर उठले, मी उठलो. बाई उठेनात. "आवाज आला नाही," म्हणाल्या. वॉचमन म्हणाला, "मी काय मुका आहे का, बाई?" त्यावर त्यांनी मांडीवरचे फासे मुठीत धरले, आणि मग आम्ही दोघंही परत खाली बसलो. वॉचमन दार धरून बराच वेळ उभा होता. मला त्या दिवशी ताईची फार आठवण आली.

तर विनंती एवढीच, की ती निळी वही पोस्टाने पाठवावी. त्यात पुढचं सगळं लिहिलेलं असणार. भाचीला आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. वही पाठवू नका. मी एकदा ताईच्या खांद्यावरून वाकून पाहिली होती. तिच्यात वाणसामानाची यादी होती आणि तुमच्या गोळ्यांच्या वेळा. मनोरा ती तिथल्या तिथे रचायची. वही तुमचीच आहे, तुमच्याकडेच असू द्या.

ता. क. २. दुकान बंद करून मी स्वतः ते दार उघडायचं वाक्य म्हणून पाहिलं. मलासुद्धा खरं वाटलं नाही. इस्त्रीच्या टेबलामागे पडदा आहे, त्याच्यामागे तुमच्यासाठी स्टूल ठेवलंय, आणि पुसायला चार कपबशा. मागच्या दाराने या. बाहेर यायची, कुणाशी बोलायची सक्ती नाही. एवढं एकच म्हणा.

ता. क. ३. मजला एकशे सतरा. आम्ही रविवारी तीनपासून आत असतो.